मिनिमम रिक्वायरमेंट्स

पहिल्या कमाईतून आईला साडी, देवापुढे पेढे, बाबांना घड्याळ... हे सगळं आपण ऐकलेलं असतं. पण स्वतःच्या पैशांनी घेतलेला पहिला व्हिडिओ गेम? आणि तोही घरी आणल्यावर सुरूच न झालेला?

डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट अखेर मार्गी लागलं आणि आई-बाबांचं घर रिकामं करायची वेळ आली. पस्तीस वर्षांचा संसार माळ्यावरून खाली उतरवायचा म्हणजे काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. श्रीखंडाचे रिकामे डबे, मोडका स्टोव्ह, 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेल्या वायरी, लग्नपत्रिकांचा गठ्ठा. आणि सगळ्याच्या तळाशी, साडीच्या दुकानाच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेलं एक खोकं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'.

माझी अकरा वर्षांची लेक शेजारीच बसली होती. तिने खोकं उघडलं, आतली सीडी बोटावर फिरवून बघितली आणि विचारलं, "आई, हे कशात घालायचं?"

घ्या! मी काही उत्तर देणार तेवढ्यात पंचाहत्तरी गाठलेले बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "ते टाकू नकोस हां. त्यात माझी कोटेशन्स आहेत."

बघितलं तर खरंच होती. मॅन्युअलच्या पानांत घडी घालून ठेवलेले तीन कागद. कडा पिवळ्या पडलेल्या, पण बाबांचं अक्षर तसंच टपोरं. मी तिथेच फरशीवर फतकल मारली. आवराआवरी गेली उडत!

मी कायमची लिंबूटिंबू

गोष्ट नीट सांगायची तर थोडं मागे जायला हवं. साल १९९२-९३. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाकडे त्याच्या मामाने टीव्हीला जोडायचा गेम आणला. मूळ मशीन निन्टेन्डोचं. जपानमध्ये ते १९८३ साली आलं. आपल्याकडच्या चाळीत-सोसायटीत जे पोचलं ते मात्र त्याचं हुबेहूब भावंड, कुठल्या तरी भलत्याच नावाचं. त्याच्या कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९९९ इन वन'. प्रत्यक्षात गेम असायचे दोन-तीन डझन, तेच तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. पण आम्हाला काय त्याचं? कॅसेट काढायची, तिच्यात जोरात फुंकर मारायची, परत खुपसायची आणि टीव्हीवर मारिओ दिसला की एकच कल्ला!

कल्ला मुलांचा. मी त्या घोळक्यातली एकुलती एक मुलगी आणि वयाने लहान. म्हणजे लिंबूटिंबू. लपाछपीत जसं लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तसं गेममध्ये लिंबूटिंबूचा डाव येत नाही. आलाच तर मला लुईजी व्हायला मिळायचं. मारिओत दुसऱ्याचा नंबर लागतो पहिला मेल्यावर. आणि तो मामाचा भाचा मरायचाच नाही! वीस-वीस मिनिटं मी रिमोट हातात घामेजवत बसायचे. माझा लुईजी पहिल्याच खड्ड्यात जायचा आणि पुन्हा वीस मिनिटं.

'काँट्रा'मध्ये दोघांना एकदम खेळता यायचं. तिथे तरी सुख? छे! त्यात धबधब्याची एक लेव्हल होती. पुढचा खेळाडू भराभर वर चढला की स्क्रीनही त्याच्याबरोबर वर सरकायची आणि मागे राहिलेला गडी फुकट मरायचा. मागे राहिलेली कोण असणार, सांगायला हवं? एकदा तर मी पंधरा मिनिटं जीव तोडून बटणं दाबत होते. माझा माणूस हलतच नव्हता. "दमलाय तो," मला सांगण्यात आलं. नंतर कळलं, माझ्या रिमोटची वायर जोडलेलीच नव्हती!

तुम्ही हसाल. आता मलाही हसू येतं. पण तेव्हा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एकच गोष्ट डोक्यात असायची. कधीतरी आपला स्वतःचा गेम असेल आणि मला कुणालाही "आता माझा डाव?" असं विचारावं लागणार नाही. घरी मागायची सोयच नव्हती. एक तर 'गेमने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते' ही तमाम पालकांची पक्की समजूत. दुसरं म्हणजे, आमच्याकडे कुणी काही मागायचंच नाही. तसा नियम नव्हता, पण पद्धत होती. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं, घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग आपण कोणत्या तोंडाने मागणार?

पान किती, ओळ कितवी?

१९९५च्या उन्हाळ्यात मला कॉम्प्युटर क्लासला घातलं. डॉस आणि वर्डस्टार शिकायला. शिकले मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया'!

तुमच्यापैकी जे आता चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांनी हा गेम फ्लॉपीवरून खेळलेला असणारच. पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र, बारा टप्पे, जमिनीतून सपकन वर येणारे भाले, आणि राजकन्येला सोडवायला फक्त साठ मिनिटं. त्याचं ते धावणं! थांबताना जरासं घसरणं, कड्याला लोंबकळून अंग वर ओढणं. तोवरचे गेममधले गडी बाहुल्यांसारखे उड्या मारायचे. हा माणसासारखा धापा टाकत पळायचा. कारण तो खरंच माणूस होता. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चौकट बघून हा राजपुत्र रेखाटला. गेम आला १९८९ साली. हे सगळं मला फार नंतर कळलं.

तेव्हा मात्र एका अडचणीने माझा जीव खाल्ला होता. पहिला टप्पा पार केला की एक खोली यायची. तिथे ओळीने बाटल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. आणि खाली सूचना : मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या, तमुक ओळीतल्या, अमक्या शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर असेल, ती पी. चुकीची प्यायलात तर जीव गेलाच म्हणून समजा.

आमच्याकडे कुठलं आलंय मॅन्युअल? क्लासमधल्या मुलांनी ठोकताळ्याने एक यादी बनवली होती. पान अमुक, ओळ तमुक, अक्षर हे. ती यादी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायला एका मुलाला दोन मेलडी द्याव्या लागायच्या. मी दिल्या. यादीतली निम्मी अक्षरं चुकीची निघाली!

पण त्या खोलीत उभं राहिलं की मला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणजे तो गेम सरळ विचारत होता ना... तू मला विकत घेतलंयस का? आणि उत्तर होतं, नाही. वरच्या मजल्यावरचा गेम मामाच्या भाच्याचा, क्लासमधला सरांचा. माझं काय? मला ते मॅन्युअल हवं होतं. राजपुत्रापेक्षाही जास्त.

रोजचे दहा रुपये

२००४ साली मला महापेच्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली. सॉफ्टवेअर टेस्टिंग. ट्रेनी, पगार साडेसात हजार. पहिला पगार आईच्या हातात ठेवला. तिने तो देवापुढे ठेवला आणि मग बँकेत भरला. दुसरा थेट बँकेत. तिसराही.

कारण त्याच्या दोन वर्षं आधी, २००२ मध्ये, बाबांनी व्हीआरएस घेतली होती. 'घेतली' म्हणायचं इतकंच. तेव्हा घरोघरी हेच चालू होतं. आलेली रक्कम पोस्टात आणि फिक्स्डमध्ये टाकली, तर नेमके त्याच सुमारास व्याजाचे दर घसरले. बावन्न वर्षांचा माणूस सकाळी साडेसहाला उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसायचा. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. मग तोच पेपर परत. भांडण नाही, तक्रार नाही, नुसतं गप्प. आई शेजारच्यांना सांगायची, "आराम करतायत हो." धाकट्या भावाचं बारावीचं वर्ष होतं, क्लासची फी होती, घराचे हप्ते होते. तेव्हा पगार माझा, पण पैसे घरचे. यात काही कटुता नव्हती बरं का! असंच असतं.

मग माझे स्वतःचे पैसे कुठले? तर रिक्षाचे. कंपनीची बस स्टेशनजवळून सुटायची. घर ते स्टेशन शेअर रिक्षा, जाताना पाच, येताना पाच. मी चालायला लागले. पंचवीस मिनिटं सकाळी, पंचवीस मिनिटं रात्री. रोजचे दहा रुपये टिफिनच्या पिशवीतल्या छोट्या कप्प्यात. ऑगस्टचा मुसळधार पाऊस, चिखल, तुटलेली सँडल... डिसेंबर संपता संपता शंभर दिवस भरले. एक हजार रुपये!

'सँड्स ऑफ टाइम' एव्हाना येऊन वर्ष झालं होतं. एका मासिकात त्याचं परीक्षण वाचलं तेव्हाच ठरवलं होतं की हाच. त्याच राजपुत्राची नवी गोष्ट, आणि ती लिहायला खुद्द मेकनर. ऑफिसमधल्या मित्रांना सांगितलं तर सगळे हसले. "लॅमिंग्टन रोडला शंभर रुपयात मिळतो. वेडी आहेस का?"

असेन. पण एक तर मी दिवसभर तेच काम करत होते. एकच बटण दोनशे वेळा दाबून बघायचं, चूक सापडली की लिहायची, दुरुस्त झाल्यावर परत दोनशे वेळा दाबायचं. एका साध्या प्रोग्रॅममागे किती माणसांची रात्र जाते, ते मी रोज बघत होते. आणि दुसरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. शंभर रुपयांच्या सीडीबरोबर मॅन्युअल मिळत नाही.

शनिवारी फोर्टातल्या एका चकाचक दुकानात गेले. एसी, गुळगुळीत फरशी, बारीक आवाजातलं इंग्रजी गाणं. काउंटरवर दहा-दहाच्या नोटांचा गठ्ठा ठेवला तेव्हा त्या मुलाने एकदा नोटांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. नऊशे नव्व्याण्णव. एक रुपया परत आला. तो मी वडापावसाठी ठेवला, अजून तीन घालून!

लेडीज डब्यात खिडकी मिळाली. मांडीवर खोकं. शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, "भावासाठी का?"

"नाही. माझ्यासाठी."

इतकं साधं वाक्य. पण ते म्हणताना काय वाटलं म्हणून सांगू!

खोक्याची मागची बाजू

घरी आले. आमचा कॉम्प्युटर २००१ मध्ये असेंबल करून घेतलेला, भावाच्या आणि माझ्या अभ्यासासाठी. त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर आईने विणलेला रुमाल. रुमाल काढला, सीडी घातली. इन्स्टॉल होताना ती पट्टी हळूहळू भरत होती. धाकटा पुस्तक मिटून शेजारी येऊन बसला. पट्टी भरली. मी क्लिक केलं.

काळी स्क्रीन. मग एक इंग्रजी चौकोन. मग परत आपला डेस्कटॉप.

पुन्हा केलं. तेच. दहा वेळा केलं. टेस्टर होते ना मी!

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड लागतं बहुतेक."

आमच्याकडे कार्ड नव्हतंच. मदरबोर्डवर जे काही असतं, त्यावर काम भागत होतं. चूक सर्वस्वी माझी. रोज दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणाऱ्या मी खोकं उलटून बघितलंच नव्हतं.

बघितलं ते बाबांनी. ते कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी चष्मा लावला, खोकं उलटं केलं आणि स्टोअर्समध्ये माल उतरवून घेताना चलान वाचावं तसं सावकाश, मोठ्याने वाचलं, "मिनिमम रिक्वायरमेंट्स." मग एकेक ओळ. प्रोसेसर... आहे. मेमरी... आहे. व्हिडिओ कार्ड, चौसष्ट एमबी... "हे आहे आपल्याकडे?"

"नाही."

त्यांचा अंगठा किमतीच्या स्टिकरवर थांबला. "कुणाचे पैसे?"

"माझे."

"पगारातले?"

"नाही. रिक्षाचे."

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. "म्हणजे? तू चालत येत होतीस? एवढ्या पावसातून? रात्रीची?" तिचा आवाज रागाचा होता, पण चेहरा रागाचा नव्हता. ती तशीच आत गेली. त्या रात्री कुणी फारसं बोललं नाही. हजार रुपये पाण्यात गेल्याचं दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर मला त्याहून वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी गुपचूप पैसे साठवले, म्हणजे या घरात मागायची सोय नाही, असंच मी त्यांना सांगितलं होतं की! आणि ते ज्याला लागायचं त्याला बरोब्बर लागलं होतं.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी रात्री मी जेवत होते. बाबा समोर येऊन बसले आणि काही प्रस्तावना न करता बोलायला लागले.

"मी १९७२ साली ट्रान्झिस्टर घेतला होता. नोकरी लागल्यावर. घरी न सांगता."

माझा घास हातातच राहिला.

"घेतला, पण चालवता येईना. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन दर वर्षी फी भरायची. सगळे पैसे ट्रान्झिस्टरात गेले, लायसन्सला उरलेच नाहीत. पुढचा पगार होईपर्यंत गादीखाली ठेवला. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. तेवढी पांघरुणात, कानाला लावून ऐकायचो. इन्स्पेक्टर येईल म्हणून जाम टरकायचो."

लायसन्सची ती भानगड १९८०च्या दशकात बंद झाली. मी ऐकूनसुद्धा नव्हते. आणि बाबा, आमचे बाबा, गादीखाली ट्रान्झिस्टर?

"मग? काय झालं त्याचं?"

"काही नाही. पगार झाल्यावर लायसन्स काढलं." मग ताट उचलता उचलता म्हणाले, "मागचं वाचायला हवं होतंस. पण घेतलास ते बरं केलंस."

एक, दोन आणि बाद

त्यानंतर जे झालं ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. सोमवारी सकाळी बाबांनी नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट घातला. पण हॉलमध्ये बसले नाहीत. व्हीआरएस झाल्यापासून त्यांनी रेल्वेचा पास काढलाच नव्हता. रिटर्न तिकीट काढून, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि तिथून लॅमिंग्टन रोड. खिशात धाकट्याने लिहून दिलेली चिठ्ठी : एजीपी स्लॉट, चौसष्ट एमबी, पिक्सेल शेडर.

पिक्सेल शेडर म्हणजे काय, बाबांना काय माहीत! (गेममधल्या पाण्यावरची चमक, धुकं, उन्हाची तिरीप हे सगळं रंगवायचं काम कार्डावरचे छोटे छोटे प्रोग्रॅम करतात, त्यांना म्हणतात शेडर. साध्या कार्डांना ते जमायचं नाही.) पण माल मागवताना स्पेसिफिकेशनशी तडजोड करायची नाही, हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. संध्याकाळी परत आले ते तीन दुकानांची तीन कोटेशन्स घेऊन. पुढच्या बुधवारी परत गेले. एका दुकानदाराने म्हणे सगळ्यात स्वस्त कार्ड पुढे केलं, "अंकल, सब गेम चलेगा." बाबांनी खोकं उलटं केलं, चष्मा लावला, वाचलं. "इसमें शेडर नहीं लिखा है." दुकानदार गप्प!

आज मॅन्युअलमधून निघाले ते हेच कागद. पहिल्यावर ३,६००. दुसऱ्यावर ३,३५०, आणि त्याखाली लाल शाईने 'घासाघीस करून ३,१००'. तिसऱ्यावर २,२००, त्यावर आडवी रेघ आणि शेरा : 'पिक्सेल शेडर नाही. बाद.'

पैशांवरून आमचं जुंपलं. मी म्हटलं, मी देते, दोन महिने लागतील. बाबांनी मान हलवली. "गेम तुझा. कार्ड कॉम्प्युटरचं, आणि कॉम्प्युटर घरचा. ते घरखर्चात." स्टोअर्सच्या माणसापुढे हिशोबात कोण जिंकणार?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी कार्ड बसलं. रुमाल काढला. क्लिक केलं. काळी स्क्रीन... आणि मग रात्रीच्या आभाळाखालचा तो महाल, आणि एका गच्चीत राजपुत्राची गोष्ट सांगायला सुरुवात. मला आठवतं, माझे हात थरथरत होते. धाकट्याने विचारलं, "ताई, नंतर मी?" 'लिंबूटिंबू!' असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. "मी दहा वेळा मेले की तू," म्हटलं. मी नऊ वेळा मेले आणि उरलेला एक जीव फार जपला. इतकं चालतं!

ज्यांनी हा गेम खेळला नाही, त्यांच्यासाठी सांगते. यात राजपुत्राकडे एक खंजीर असतो, त्यात वाळू. उडी चुकली, कड्यावरून पडला की एक बटण दाबायचं. काळ सरसर मागे येतो, राजपुत्र उलटा वर चढतो आणि परत कड्यावर उभा. मात्र प्रत्येक वेळी थोडी वाळू खर्च होते. ती संपली की मग मेलात. तेव्हाही राजपुत्राचाच आवाज येतो, नाही नाही, असं नव्हतं झालं, मी चुकून सांगितलं.

बाबा मागे स्टुलावर बसून बघत होते. मी पडले, बटण दाबलं, काळ मागे गेला. "हे कसं केलंस?" मी परत करून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

इथे तुम्हाला वाटेल, आता बाबा आयुष्याबद्दल काहीतरी बोलणार. गेलेली वर्षं, गेलेली नोकरी, असं मागे जाता आलं तर... मलाही तसंच वाटलं होतं. बाबा म्हणाले, "वाळू संपत आलीय. स्टॉक बघून खर्च कर."

त्याच वर्षी उन्हाळ्यात बाबा ओळखीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये खरेदीचं काम बघायला जाऊ लागले. अर्धा दिवस, थोडका पगार. गेममुळे, असं मी म्हणणार नाही. पण रेल्वेचा पास त्यांनी पुन्हा काढला, आणि तो काढून आले तेव्हा आईला दाखवला, एवढं मला माहीत आहे. मी मे महिन्यात गेम संपवला. आणि हो, रिक्षाने यायला लागले. आईचा हुकूम होता.

आता लायसन्स कुणाचं?

हे सगळं लेकीला सांगितलं. तिला मॅन्युअलमध्ये फारसा रस नव्हता, कोटेशन्समध्ये होता. सीडीचं म्हणाल तर माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. म्हणजे एकवीस वर्षांनी पुन्हा गेम हातात आणि मशीन नालायक! काय योग आहे बघा.

लेकीचे गेम सगळे डाउनलोडचे. खोकं नाही, पुस्तिका नाही, फुंकर नाही. आणि गंमत म्हणजे ते तिचेही नाहीत. २०२४च्या ऑक्टोबरपासून स्टीमवर पैसे भरताना एक ओळ दिसायला लागली : तुम्ही घेताय तो गेम नाही, तो वापरण्याचं लायसन्स. बाबांना हे वाचून दाखवलं तर खो खो हसले. "म्हणजे फिरून पोस्टातच की!"

आवराआवरी संपली आणि रात्री लेक हळूच जवळ आली. भाऊबिजेची ओवाळणी, वाढदिवसाची पाकिटं असं साठवून तिच्याकडे बाराशे रुपये जमलेत. एक गेम घ्यायचाय. "माझ्या पैशांनी घेणार. चालेल ना?"

माझ्या तोंडावर सगळे प्रश्न आले. कितीचा? कशाला? आहेत ना एवढे? अभ्यासाचं काय? हॉलमधून बाबांचा खोकल्याचा आवाज आला आणि मी ते सगळे प्रश्न परत आत ढकलले.

"घे की," म्हटलं. "फक्त खाली काय लिहिलंय ते वाचलंस का? आधी आजोबांना दाखवून ये."